लिफाफ्यातले मिशन

ऑक्टोबरच्या शेवटून दुसऱ्या रविवारी, म्हणजे जागतिक मिशन रविवारी, संध्याकाळची मिस्सा आटोपल्यावर आमच्या सॅक्रिस्टीत लिफाफे उघडण्याचे काम चालते. धर्मग्राम मंडळाचे दोघे-तिघे, एक हिशेबाची वही, चहाची किटली आणि टेबलावर लिफाफ्यांचा ढीग. वाकडच्या आमच्या कुटुंबांचा हात आखडता नाही, हे मी आरंभीच कृतज्ञतेने नमूद करतो. ज्या घरांचे निम्मे उत्पन्न फ्लॅटच्या हप्त्यात जाते, त्या घरांचाही लिफाफा रिकामा येत नाही. अकरावे पायस यांनी १९२६ साली हा रविवार अखिल ख्रिस्तसभेला नेमून दिला. २०२६ साली त्याला शंभर वर्षे पूर्ण होतात. या शंभर वर्षांत मिशनसाठी पैसे कसे द्यावेत हे आपण उत्तम शिकलो आहोत. लिफाफ्यात जे मावत नाही ते देण्याची वेळ आली, की मात्र आपली भाषा एकाएकी बदलते. मला त्या भाषेविषयी लिहायचे आहे.

अशाच एका रविवारी मोजणी संपल्यावर एक गृहस्थ मागे रेंगाळले. (त्यांच्या संमतीने लिहीत आहे, ओळख पटू नये म्हणून दोन-चार तपशील बदलले आहेत.) घराणे मूळ नगर जिल्ह्यातले. वडील पिंपरीच्या कारखान्यात कामाला आले आणि इथलेच झाले. हे स्वतः हिंजवडीत नोकरी करतात. थोरला मुलगा कॅनडाला गेला, तेव्हा त्यांनी आभाराची मिस्सा सांगितली होती, सोसायटीच्या हॉलमध्ये दीडशे माणसांना जेवण दिले होते आणि मुलाच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद मीच दिला होता. आता धाकटी मुलगी परिचारिकेचे शिक्षण पूर्ण करून म्हणत होती, की मला धर्मभगिनी व्हायचे आहे आणि तेही अशा संस्थेत, जिची इस्पितळे आफ्रिकेत आहेत.

“फादर, तिला तुम्हीच समजावा,” ते म्हणाले. “इथं काय काम कमी आहे का? आपल्या देशात काय दुखणाईत माणसं नाहीत? आणि तिची आई तर हाय खाऊन जाईल.”

मी मुलीला तसे काही समजावले नाही. पण खरे बोलायचे तर त्या गृहस्थांनाही त्या संध्याकाळी जे ऐकवायला हवे होते, ते मी ऐकवले नाही. “प्रार्थना करू या” असे म्हणून वेळ मारून नेली. धर्मगुरूच्या तोंडी हे वाक्य कधी प्रार्थनेसाठी येते आणि कधी पळवाटेसाठी. त्या दिवशी ते पळवाटेसाठी आले. म्हणून ते राहिलेले बोलणे आज इथे छापून देतो.

पहिली गोष्ट अशी, की आपल्याला परदेशाचे वावडे मुळीच नाही. वाकडच्या माणसाने परदेशाचे भय सांगणे म्हणजे कोळ्याने पाण्याचे भय सांगण्यासारखे आहे. भुमकर चौकातून सकाळी हिंजवडीकडे सरकणाऱ्या गाड्यांमधली कितीतरी माणसे दिवसभर समुद्रापलीकडच्या कंपन्यांचेच काम करीत असतात. आमच्याकडची मुले जर्मन भाषेच्या वर्गाला जातात, इंग्रजीच्या परीक्षा देतात. परिचारिका झालेल्या मुली आखातात जातात, आयर्लंडला जातात. २०२५ च्या सप्टेंबर महिन्यात अमेरिकेने नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर केले, त्या आठवड्यात आमच्या प्रार्थनाविनंतीच्या पेटीत व्हिसासाठीच्या चिठ्ठ्या आजारी माणसांसाठीच्या चिठ्ठ्यांपेक्षा अधिक होत्या. मी या जाण्याची थट्टा करीत नाही. आपल्या आजोबांनी दुष्काळी गाव सोडून पिंपरीची वाट धरली म्हणून आपण आज लिहूवाचू शकतो, हे मी जाणतो. पण मग निदान एवढे तरी कबूल करू या, की मुलीच्या निर्णयावरचा आपला आक्षेप ‘परदेश’ या शब्दावर नाही. ती त्याच शिक्षणावर, तेच काम करायला, पगार घेऊन डब्लिनला निघाली असती तर आपण पेढे वाटले असते. आक्षेप एवढाच, की ती पगाराशिवाय निघाली आहे आणि आपल्याहून गरीब माणसांकडे निघाली आहे.

“इथं काय काम कमी आहे का?” हा प्रश्न मात्र ऐकायला इतका सात्त्विक वाटतो, की त्याच्यापुढे भले भले गप्प होतात. मी त्याच्यापुढे तीन गोष्टी ठेवतो.

हा प्रश्न विचारणाऱ्याने इथले काम हाती घेतलेले असते तर त्याच्या प्रश्नाला वजन आले असते. आमच्या धर्मग्रामात रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गांना दर जूनमध्ये शिक्षक शोधत फिरावे लागते. वाकड-पुनावळे भागात टोलेजंग इमारती उभ्या राहत आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोल्यांत मजूर राहत आहेत. त्यांच्यातले काही झारखंड-छत्तीसगढकडचे आदिवासी कॅथलिक आहेत, हे आमच्या कितीजणांना ठाऊक आहे? नाताळच्या आठवड्यात तिथे जाण्यासाठी मी व्यासपीठावरून माणसे मागितली. चार आली. त्या चौघांत ही मुलगी होती. हा माझा अनुभव एका धर्मग्रामापुरता आहे, पण इतर धर्मगुरूंना विचारून पाहा: दूर जाण्याची ओढ ज्याला लागते, तो बहुधा आधी जवळच्या पत्र्याच्या खोलीत जाऊन आलेला असतो. ज्यांना दूरचे नको असते, त्यांतल्या बहुतेकांना जवळचेही नको असते.

दुसरी गोष्ट प्रेषितांच्या कृत्यांतील आहे. अंत्युखियाची ख्रिस्तमंडळी तेव्हा नवी होती, लहान होती आणि अफाट मोठ्या शहरात राहत होती. तिथे काम कमी असण्याचा प्रश्नच नव्हता. तरी त्या मंडळीने उपास केला, प्रार्थना केली आणि पवित्र आत्म्याच्या सांगण्यावरून आपल्यातली दोन उत्तम माणसे, बर्णबा आणि पौल, डोक्यावर हात ठेवून पाठवून दिली. उरलेली, जास्तीची, घरी निरुपयोगी ठरलेली माणसे नव्हेत. अंत्युखियाच्या वडीलधाऱ्यांनी ‘आधी आपले शहर होऊ द्या’ असा ठराव केला असता, तर वाकडमध्ये आज मिशन रविवार नसता आणि लिफाफेही नसते.

तिसरी गोष्ट आपल्या स्वतःच्या घराण्याची आहे आणि तिच्यावर थोडे थांबायला हवे. कारण तिचा आपल्याला सोयीस्कर विसर पडला आहे.

फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडात १५४९ साली जन्मले. येशूसंघात प्रवेश करून १५७९ साली ते गोव्याला आले आणि १६१९ साली तिथेच त्यांचे देहावसान झाले. चाळीस वर्षांत परत गेले नाहीत. १६१६ साली छापल्या गेलेल्या त्यांच्या ख्रिस्तपुराणात सुमारे अकरा हजार मराठी ओव्या आहेत आणि त्यांनी मराठीचे किती कौतुक केले हे आपण शाळेत पाठ केलेले असते. पण ज्या काळात ते निघाले, त्या काळचे इंग्लंड आठवा. तिथे कॅथलिक धर्मगुरूला पकडून फाशी देत असत. त्यांच्याच संघाचे एडमंड कॅम्पियन यांना १५८१ साली लंडनमध्ये मृत्युदंड झाला. ‘मायदेशात काम कमी आहे का’ हा प्रश्न जगात कोणा एकाला खऱ्या अर्थाने लागू पडत असेल तर तो स्टीफन्स यांना. कॅम्पियन मायदेशी परतले आणि स्टीफन्स सालसेतला आले. ख्रिस्तसभेने दोघांपैकी एकालाही चुकीचे ठरवले नाही. पाचारण कोणाला कुठे नेते, हे गरजेचा तक्ता मांडून ठरत नसते.

आमच्या पुणे धर्मप्रांताचेच पाहा. त्याची स्थापना १८८६ साली झाली आणि पहिले महागुरू बायडरलिंडेन हे जर्मन होते. त्या काळी जर्मनीत ख्रिस्तसभेचे सगळे आलबेल होते असे नव्हे. १८७२ च्या कायद्याने येशूसंघीयांना तर त्या देशात थाराच उरला नव्हता. कोणी म्हणेल, हाकलले म्हणून आले. असेल, पण हाकललेल्या माणसाला राहुरी-संगमनेरच्या उन्हातच जावे अशी सक्ती कोणी केली होती? पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने या जर्मन धर्मगुरूंना स्थानबद्ध केले आणि मायदेशी पाठवून दिले. पुण्याचे महागुरू डोरिंग यांची तर १९२१ साली जपानमध्ये हिरोशिमा इथे नेमणूक झाली आणि १९२७ साली ते पुन्हा पुण्याच्या आसनावर आले. एका माणसाच्या आयुष्यात तीन देश, तीन भाषा. आणि जे दोन देश त्याचे नव्हते, त्यांच्यासाठीच त्याचे आयुष्य खर्ची पडले. पुढच्या पिढीतले स्वित्झर्लंडचे फादर हर्मन बाखर १९४८ साली इथे आले आणि नगर जिल्ह्याच्या कोरड्या शिवारात त्यांनी हयात घालवली. पाणलोट क्षेत्र विकासाचे जे काम त्यांनी उभे केले, १९९३ साली फादर क्रिस्पिनो लोबो यांच्याबरोबर जी ‘वॉटर’ संस्था स्थापन केली, तिचे ऋण हिंदू शेतकरीही मानतो. बाखरबाबा २०२१ साली वारले. त्यांच्याही घरी कोणीतरी आई होती आणि स्वित्झर्लंडातही इस्पितळे, अनाथालये, म्हातारी माणसे होतीच.

आमच्या धर्मग्रामातील नगरकडच्या कुटुंबांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी मागे मागे नेल्या, की कुठल्यातरी पानावर अशा परक्या हाताची सही लागते. तो हात इथवर पोहोचला, कारण कोणा एका बापाने आपल्या मुलाला “इथं काय काम कमी आहे का” असे म्हटले नाही, किंवा म्हणूनही शेवटी सोडून दिले.

यावर एक उत्तर तयार असते: ते युरोपातले लोक, त्यांची गोष्ट वेगळी, आपण घेणारे लोक. हे उत्तर मला सर्वांत लाजिरवाणे वाटते. कारण ते खोटे आहे. वसईचा गोन्सालो गार्सिया आपलाच ना? वसईला १५५७ च्या सुमारास जन्मलेला हा मुलगा किशोरवयातच येशूसंघीयांबरोबर जपानला गेला आणि धर्मशिक्षक म्हणून तिथे राबला. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्याची इच्छा पुरी झाली नाही. निराश होऊन तो व्यापारात पडला, मनिलाला पोहोचला, तिथे फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू म्हणून दाखल झाला आणि १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांचा दुभाषी होऊन पुन्हा जपानला गेला. कारण जपानी भाषा त्याला अवगत होती. सम्राटाच्या नावे राज्य चालवणाऱ्या हिदेयोशीसमोर या वसईकराने दुभाष्याचे काम केले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारण्यात आले, त्यांत तो होता. १८६२ साली नववे पायस यांनी त्यांना संतपद दिले. त्याच्या नावाची मंदिरे आपण बांधली, महाविद्यालय काढले, सणाला मिरवणुका काढल्या. पण आपल्या घरातला कोणी त्याच्यासारखा निघतो म्हटला की आपण त्याला डॉक्टरांकडे न्यायचे तेवढे बाकी ठेवतो.

गोव्याचे संत जोसेफ वाझ यांचेही तसेच. डच राजवटीत सिंहलद्वीपातील कॅथलिकांना कोणी धर्मगुरू उरला नाही, हे ऐकून हा बाणावलीचा कोंकणी माणूस १६८७ साली मजुराच्या वेषात त्या बेटावर उतरला. तमिळ शिकला, सिंहली शिकला. हेर समजून कँडीच्या राजाने त्याला कैदेत टाकले. पुढे १६९७ साली देवीची साथ आली, तेव्हा माणसे आपल्या रोग्यांना टाकून पळत असताना त्याने त्यांची सेवा केली आणि त्याच राजाची मर्जी संपादन केली. १७११ साली तो तिथेच वारला. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्याला संत म्हणून घोषित केले. त्याच्या मागोमाग दिवाडीचे जाकोम गोन्साल्विस गेले आणि त्यांनी सिंहली भाषेत इतके लिहिले, की सिंहली कॅथलिक साहित्याचे जनक म्हणून तिथली माणसे आजही त्यांचे नाव घेतात. इंग्लंडने आपल्याला मराठी ओव्या लिहिणारा माणूस दिला आणि शंभर वर्षांच्या आत गोव्याने सिंहलद्वीपाला सिंहली लिहिणारा माणूस दिला. हा हिशेब माझ्या मनाला फार सुखावतो. पण त्यानंतरच्या पानांवर आपल्या मराठी माणसांची किती नावे आहेत, हे विचारण्याचे धाडस मला होत नाही. केरळची, तमिळनाडूची, मंगळूरची, छोटा नागपूरची नावे मात्र भरपूर भेटतात.

आता भीतीविषयी. ती खोटी नाही. ४ मार्च २०१६ रोजी येमेनमधील एडन शहरात मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या वृद्धाश्रमावर बंदूकधाऱ्यांनी हल्ला केला. चार धर्मभगिनी मारल्या गेल्या आणि त्या आश्रमात असलेले केरळचे सलेशियन धर्मगुरू फादर टॉम उळुन्नालिल यांना पळवून नेण्यात आले. ते सुटले १२ सप्टेंबर २०१७ रोजी, म्हणजे दीड वर्षाने. आईबापांनी ही बातमी वाचून दचकू नये असे मी कसे म्हणू? फक्त त्या चौघींचे देश पाहा: दोघी रुवांडाच्या, एक केनियाची आणि एक आपल्या झारखंडची. ज्या रुवांडात १९९४ साली माणसांनी माणसांची कत्तल केली, त्या देशाच्या लेकी परक्या मुलखातल्या म्हाताऱ्यांची अंथरुणे धुवायला गेल्या होत्या. मिशन म्हणजे श्रीमंत देशांनी गरीब देशांना पाठवलेली मदत, ही आपली समजूत कधीचीच कालबाह्य झाली आहे. ज्यांच्या बांधवांच्या पत्र्याच्या खोल्या आमच्या इमारतींखाली आहेत, त्या झारखंडच्या लोकांनी आपली मुलगी दिली.

आईबापांच्या म्हातारपणाचा मुद्दा उरतो आणि तो मी हलक्याने घेणार नाही. संत थॉमस अक्वायनस यांनीच स्पष्ट मांडले आहे, की आईबाप खरोखर विपन्न असतील आणि दुसऱ्या कोणाकडून त्यांचा सांभाळ होणे शक्य नसेल, तर मुलाने त्यांना टाकून संन्यस्त जीवनात जाणे योग्य नाही. असे घर असेल तर मी स्वतः त्या मुलीला म्हणेन, “बाळ, थांब.” पण आपल्याकडे हा मुद्दा कोणाच्या बाबतीत निघतो? कॅनडाला गेलेल्या थोरल्याला हा प्रश्न कोणी केला नाही. त्याने नागरिकत्वासाठी अर्ज केला तेव्हाही नाही. तो दोन वर्षांनी एकदा येतो, विमानतळावरून गाडी करून, चॉकलेटे घेऊन. आणि आपण त्याला कर्तबगार म्हणतो. म्हातारपणाची काठी केवळ देवाने मागितली म्हणजेच आठवावी, हा कुठला न्याय? शुभवर्तमानातील जब्दीचा विचार मी अनेकदा करतो. दोन्ही मुलगे एकाच दिवशी उठून येशूच्या मागे गेले आणि तो नोकरांसह नावेत बसून राहिला. पुढे त्या घराचे काय झाले ते सुवार्तिकाने लिहिलेले नाही. त्याने मुलांना हाक मारून परत बोलावले, असेही मात्र लिहिलेले नाही.

इथवर वाचून कोणी म्हणेल, फादरला बोलायला काय जाते! हे म्हणणे रास्त आहे. म्हणून आमच्या लोकांची बाजूही उघड करतो.

परदेशी मिशन या शब्दाची आम्ही धर्मगुरूंनीही कमी विटंबना केलेली नाही. जर्मनीतील, इटलीतील अनेक धर्मग्रामांत आज भारतीय धर्मगुरू आहेत. त्यांतले कितीतरी मनोभावे काम करतात, ओस पडलेल्या मंदिरांत म्हाताऱ्यांना सांक्रामेंते देतात आणि मी त्यांना मिशनरीच मानतो. पण उच्चशिक्षणासाठी म्हणून गेलेला, पदवीनंतरही या ना त्या निमित्ताने तिथेच रमलेला, दर उन्हाळ्यात युरोपातल्या ‘सेवेची’ वाट पाहणारा धर्मगुरूही आपण सर्वांनी पाहिला आहे. २००१ साली रोमच्या सुवार्ताप्रसार विभागाला मिशन प्रदेशांतून परदेशी जाणाऱ्या धर्मप्रांतीय धर्मगुरूंविषयी खास सूचनापत्र काढावे लागले, ते उगाच नव्हे. धर्मगुरू युरोकडे पाहून विमानात बसतो हे लोकांना दिसते. मग त्यांनी आपल्या मुलीच्या मिशनवर विश्वास ठेवावा कसा?

आणि आता माझे. बाराव्या पायस यांनी १९५७ साली ‘फिदेई दोनुम’ या परिपत्रकाने महागुरूंना विनंती केली, की आपल्याकडचे धर्मगुरू काही काळासाठी आफ्रिकेला द्या. त्या वाटेने जाण्याची संधी माझ्या गुरुदीक्षेनंतर पाच-सहा वर्षांनी माझ्यापुढे आली. पूर्व आफ्रिकेतल्या एका धर्मप्रांताला माणसे हवी होती आणि मला विचारणा झाली. मी नाही म्हणालो. कारण दिले आईचे: ती थकली आहे, विधवा आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पण माझे दोन भाऊ तिच्याबरोबर एकाच घरात राहत होते आणि सुना तिला फुलासारखे जपत होत्या, ही गोष्ट मी सांगितली नाही. मला मलेरियाची, परक्या भाषेची आणि विसरले जाण्याची भीती वाटत होती. मी आईला पुढे केले. पुष्कळ वर्षांनी बोलता बोलता तिला हे कळले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, “मला विचारलंस कधी?” ती आज हयात नाही. त्या गृहस्थांनी मुलीच्या आईचे नाव घेतले, तेव्हा माझी जीभ का अडखळली हे वाचकांच्या ध्यानात येईल. धर्मशास्त्राच्या संहितेतील २७१ व्या कलमान्वये जाऊ इच्छिणाऱ्या योग्य धर्मगुरूला महागुरूंनी खऱ्या निकडीवाचून अडवू नये. अडवायला महागुरूंची गरज कुठे असते! आपली आपण पुरेशी सोय केलेली असते.

जी मुले-मुली खरोखर जाऊ म्हणतात, त्यांच्याशीही थोडे कठोर बोलायला हवे. कारण आपल्याकडे एकतर विरोध होतो किंवा एकदम हारतुरे. हा निर्णय एका रात्रीतल्या रिट्रीटमध्ये होत नाही. संस्थेत गेल्यावर आधी पूर्वतयारीचा काळ, मग निदान एक वर्षाचे नोव्हिशिएट, मग तीन ते सहा वर्षांची तात्पुरती व्रते आणि तेव्हा कुठे आजीवन व्रते. या प्रत्येक पायरीवर संस्था “तू परत जा” असे म्हणू शकते आणि आपणही म्हणू शकतो. त्यात कलंक नाही. देश आपण निवडायचा नसतो. टांझानिया मनात धरून गेलेली मुलगी आसामात राहू शकते आणि तिने ते आनंदाने स्वीकारले नाही, तर तिला देवाचे काम नव्हे, प्रवास हवा होता असे समजावे. जिथे जाल तिथे पहिली एक-दोन वर्षे तुम्ही कोणाच्या उपयोगाचे नसता. भाषा येत नाही, बाजारात भाजी मागता येत नाही, लहान मुले तुमच्या उच्चारांना हसतात. स्टीफन्स आणि वाझ यांनी आधी हे हसू सोसले, मग ओव्या आणि प्रवचने आली. आणि नकाराने खचणाऱ्याने गोन्सालोची ती मधली वर्षे आठवावी. संत होण्यापूर्वी तो एक नाकारलेला उमेदवार होता आणि पोटासाठी व्यापार करीत होता.

व्रते घ्यायची नसतील त्यांनाही वाट आहे. संहितेचे ७८४ वे कलम मिशनरी म्हणून पाठवावयाच्या माणसांत प्रापंचिकांनाही गणते. आमच्या धर्मग्रामात यंत्रज्ञ आहेत, संगणकतज्ज्ञ आहेत, निवृत्त शिक्षिका आहेत. दोन-तीन वर्षे देणारा एखादा निघाला तर त्याच्या नोकरीचे, मुलांच्या शाळेचे काय करायचे यावर धर्मग्राम मंडळाने बसून विचार केला पाहिजे. आम्ही अजून तो विषय एकदाही पटलावर घेतलेला नाही. यात माझीच चूक अधिक आहे.

८ मे २०२५ रोजी निवडून आलेले पोप चौदावे लिओ हे शिकागोचे. १९८५ साली ते ऑगस्टिनियन मिशनरी म्हणून पेरूला गेले आणि पुढे चिक्लायोचे महागुरू झाले. निवडीच्या संध्याकाळी सज्जातून त्यांनी आपल्या जुन्या धर्मप्रांताच्या लोकांना त्यांच्याच स्पॅनिश भाषेत आठवणीने नमस्कार केला. आमच्या हॉलमध्ये पडद्यावर ते दृश्य पाहताना टाळ्या वाजल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत ते गृहस्थही होते. शिकागोतही काम कमी नव्हते, हे त्यांना त्या वेळी सांगावेसे मला वाटले होते. पण गर्दी होती.

हा अंक निघाला, की त्याची एक प्रत मी स्वतः त्यांच्या घरी नेऊन देणार आहे. मुलीचा प्रवेशअर्ज तयार आहे. त्याला धर्मग्रामाच्या धर्मगुरूची शिफारस लागते, ती मी लिहून दिली आहे. ती सज्ञान आहे. वडिलांच्या सहीची कायद्याने गरज नाही आणि संस्थेनेही ती मागितलेली नाही. तरी अर्जाच्या तळाशी तिने आपल्या हाताने एक ओळ आखून ठेवली आहे, खाली वडिलांचे नाव लिहिले आहे आणि अर्ज अजून पाठवलेला नाही.